उंटाचा न बोललेला शह

देगलूरहून हाणेगाव रस्त्याला लागलं की डाव्या हाताला फवारणी पंपांचं एक दुकान आहे. दुकान मल्लेशचं, पण दारात खुर्ची टाकून दिवसभर बसलेले दिसतात ते त्याचे वडील, सिद्धराम अप्पा. वय एकाहत्तर. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा, आणि नजर अशी की समोरच्याला आपलाच खिसा चाचपून पाहावासा वाटावा. गिऱ्हाईक साधी नोझल घेऊन निघालं तरी अप्पांची नजर त्याच्या पिशवीवर. मल्लेशनं पुष्कळदा सांगून पाहिलं की अशानं माणसं बिथरतात. अप्पांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची हातभर मागं सरकवली. तिथून पिशव्या आणखी चांगल्या दिसत.

घरातही तसंच. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. दूध आलं की थेंबभर नखावर घेऊन उजेडात धरायचं. आपल्या कपाटाच्या फटीत अप्पा एक पांढरा दोरा अडकवून ठेवतात. दोरा खाली पडलेला दिसला की समजायचं, कुणीतरी कपाट उघडलं. सून अंबिका हे लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ओळखून बसली. ती रोज दोरा काढते, कपाट पुसते, कपडे नीट लावते आणि दोरा होता तसा अडकवून ठेवते. बावीस वर्षांत अप्पांना याचा पत्ता लागलेला नाही.

ही सवय त्यांना पोटापाण्यानं लावली. नांदेडच्या एका सूतगिरणीच्या फाटकावर अप्पा एकतीस वर्षं होते. पाळी सुटली की कामगारांचे डबे, पिशव्या, सायकलींच्या नळ्या बघायच्या. कागदावर हुद्दा काहीतरी लांबलचक होता, पण कामगार त्यांना चेकर म्हणत आणि अप्पांनाही तेच आवडे. त्या कामात त्यांची स्वतःची एक रीत होती. संशय आला म्हणून ते कधी लगेच बोलत नसत. पहिल्या दिवशी बघायचं, दुसऱ्या दिवशी खात्री करायची, तिसऱ्या दिवशी माणसाला निर्धास्त होऊ द्यायचं आणि चौथ्या दिवशी धरायचं. वरचे साहेब म्हणत, सिद्धरामनं धरलेला माणूस सुटत नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली ती याच गुणासाठी.

गिरणीतून सुटल्यावर अप्पा सगळं बिऱ्हाड घेऊन देगलूरला आले आणि त्यांना भुजंगराव भेटले.

भुजंगराव जवळच्याच खेड्यातले. पाच एकरांचे कुणबी, बायको वारलेली, मुलगा बालाजी पुण्यात. दुपारी जेवण करून ते लुनावर बसत आणि चारच्या सुमाराला दुकानामागच्या पडवीत हजर होत. तिथं एका फळीवर रंगानं काढलेला बुद्धिबळाचा पट होता. सोंगट्या लाकडाच्या, जुन्या, त्यातल्या एका उंटाचा कान तुटलेला. बारा वर्षं ही दोघं रोज दोन डाव खेळत आली. पंच नाही, घड्याळ नाही. नियम मात्र एक होता आणि तो दोघांनीही आपापल्या बापाकडून घेतला होता. समोरच्या राजावर चाल करून गेलात तर तोंडानं मोठ्यानं "शह" म्हणायचं. न बोलता दिलेला शह हा शह नव्हे. राजाला न सांगता मारणाऱ्याचा डाव तिथंच फुकट.

दर वर्षी एक ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक संघाची स्पर्धा होई. गेली चार वर्षं पहिला नंबर भुजंगरावांचा आणि दुसरा अप्पांचा. भुजंगराव बक्षिसाचा स्टीलचा डबा लुनाच्या पुढच्या जाळीत ठेवून मुद्दाम दुकानावरून जात. अप्पा त्याकडे बघत नसत, पण डबा केवढा होता ते त्यांना नेमकं सांगता आलं असतं.

यंदा मृग लागून आठेक दिवस झाले असतील. भुजंगरावांनी मधलं एक प्यादं पुढं ढकललं आणि त्याच्यामागं, अगदी डाव्या कोपऱ्यात उभा असलेला तुटक्या कानाचा उंट मोकळा झाला. त्याची तिरकी वाट सरळ अप्पांच्या राजावर येत होती. चांगला पक्का शह. अप्पा वाट बघत राहिले. भुजंगराव काहीच बोलले नाहीत. बडीशेप चघळत पटाकडं बघत बसले.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अहो, शह आहे की. अप्पांनी तसं केलं नाही. त्यांनी राजा गुपचूप एक घर बाजूला घेतला आणि भुजंगराव गेल्यावर दुकानातली एक छोटी डायरी काढून तारीख घातली. खाली लिहिलं, "उंटाचा शह बोलला नाही. कोपऱ्यातून."

एकदा डायरी सुरू झाली की अप्पांच्या अंगात पुन्हा फाटक संचारलं. आता त्यांना सगळंच दिसू लागलं. भुजंगराव चाल करण्याआधी सोंगट्यांवरून बोटं फिरवतात, पूर्वी फिरवत नव्हते. म्हणजे बोलता बोलता एखादी सोंगटी सरकवायचा बेत असणार. डायरीत नोंद झाली. पडवीत येताना ते दाराचा खांब धरून येतात. म्हणजे पिऊन येत असणार. तेलंगणाची हद्द जवळच, तिकडून शिंदी येते हे सगळ्या गावाला माहीत. अप्पांनी त्या दिवशी सोंगट्या लावण्याच्या निमित्तानं तोंड जवळ नेऊन वास घेतला. बडीशेपेचा आला. त्यांनी लिहिलं, "वास न्हाई. बडीशेप खाऊन लपवून राहिला."

पुढं आषाढात भुजंगरावांची लुना केळ्यांच्या गाड्याला घासली. गाडा रस्त्याच्या डाव्या कडेला रोजच्या जागी उभा होता. दोन फण्या खाली पडल्या, गाडेवाला ओरडला, भुजंगरावांनी गाड्यालाच दोष दिला. अप्पांनी खुर्चीतून सगळं पाहिलं आणि तेही टिपलं.

सगळ्यात मोठी गोष्ट अशी की भुजंगराव हरू लागले. कडेचे हत्ती मरू द्यायचे, कोपऱ्यातून आलेला मार खायचे. एका दुपारी अप्पांनी कसोटी म्हणून आपला उंट पटाच्या अगदी काठावर आयता नेऊन ठेवला. पोरानंही मारला असता. भुजंगरावांनी तो सोडून दुसरीकडेच चाल केली आणि वर म्हणाले, अप्पा, हल्ली तुम्ही लई जपून खेळून राहिले.

त्या वाक्यानं अप्पांची खात्री पटली. न बोलता शह देणारा माणूस लबाड असतो हे खरं, पण लबाड माणूस हरतो कशाला? याचं उत्तर त्यांना आठ दिवसांनी सापडलं आणि सापडल्यावर बरं वाटलं. ऑक्टोबर जवळ येतोय. भुजंगराव आपला खरा खेळ झाकून ठेवतायत. चार डाव हरायचे, अप्पांना चढवायचं आणि स्पर्धेत आडवं पाडायचं. फाटकावर असे पुष्कळ पाहिले होते. चार दिवस डबा उघडून दाखवायचा आणि पाचव्या दिवशी भरून न्यायचा.

अप्पांनी ठरवलं, बोलायचं नाही. एक ऑक्टोबरला भरल्या सभेत, सगळ्यांच्या देखत डायरी काढायची. न बोललेले शह, तारखेनिशी.

गौरी जेवणाच्या दिवशी लातूरहून नात आली. मंजुश्री तिथं कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. जेवणं झाली, पुरणानं सगळ्यांचे डोळे जड झाले, तेव्हा ती आजोबांजवळ येऊन बसली. तिच्या सरांनी वर्गात प्रत्येकाला इंग्रजीतलं एक क्रियापद निवडायला सांगितलं होतं. ते कुठल्या मुलखातून आलं, कुणाच्या तोंडून कुणाच्या तोंडात गेलं आणि वाटेत त्याचा अर्थ कसा बदलला, हे शोधून पुढच्या आठवड्यात वर्गापुढं सांगायचं होतं.

"मी चेक घेतलं, आज्जा," ती म्हणाली.

अप्पांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग ताटं उचलणाऱ्या अंबिकेकडं. हजारो क्रियापदं असताना हेच का, आणि हे कुणी सुचवलं, असं त्यांनी विचारलं. अंबिका पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलले ते अप्पांनी बघितलं. मंजुश्री म्हणाली की कुणी सुचवलं नाही. लहानपणापासून घरात सगळ्यात जास्त ऐकलेलं इंग्रजी क्रियापद हेच.

तिनं मोबाइल काढला तसे अप्पा म्हणाले, मोबाइलवर कुणीही काहीही लिहितं, छापील असेल तर दाखव. पोरगी त्यांना ओळखून होती. तिनं पिशवीतून कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जाडजूड कोशाच्या दोन पानांची झेरॉक्स काढली. अप्पांनी ती उजेडाकडं धरून मागून पुढून बघितली आणि मग म्हणाले, सांग.

तिनं सांगितलं ते असं. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. फारसीतला शाह म्हणजे राजा, तिथून तो निघाला. बुद्धिबळात समोरच्या राजावर संकट आलं की खेळणारा "शाह" असं मोठ्यानं म्हणायचा. राजा, सांभाळ, असा त्याचा भाव. अरबांनी खेळ उचलला, त्याबरोबर हा शब्दही घेतला. पुढं तो युरोपात गेला, फ्रेंच माणसांच्या तोंडात पार वाकडा झाला आणि तसाच इंग्लंडात उतरला. सहाशे वर्षांमागं इंग्रजीत हे क्रियापद बुद्धिबळातलंच होतं, राजाला शह देणं. त्यावरून अडवणं, आवर घालणं असा अर्थ आला. तपासून बघणं हा अर्थ सगळ्यांच्या मागून आला, त्याला तीनेकशे वर्षं झाली असतील.

अप्पांचे वडील निजामाच्या काळात उर्दूत चार यत्ता शिकलेले होते आणि पटावर बसले की "शह" असं म्हणत की गल्लीतलं कुत्रं उठून बसे. त्या शब्दाचं आणि गिरणीच्या साहेबांच्या तोंडातल्या शब्दाचं एकच मूळ असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना ते खरंही वाटेना. त्यांनी झेरॉक्स पुन्हा मागून घेतली आणि मंजुश्रीला एकेका ओळीवर बोट ठेवून परत वाचायला लावलं. ओळी हलल्या नाहीत.

"म्हणजे तपासणी आधी नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नाही, आज्जा. आधी राजाला सांगायचं होतं."

"आन् न सांगता मारला तर?"

"तर डाव फुकट. तुम्हीच शिकवलंत की मला."

ती झेरॉक्स तिथंच ठेवून झोपायला गेली. अप्पा मात्र भिंतीला टेकून तसेच बसून राहिले. त्यांना सिंधु आठवली.

सिंधु गिरणीत कांडीखात्यात, सूत कांड्यांवर भरायच्या कामावर होती. एका सोमवारी तिच्या डब्याच्या तळाशी, भाकरीच्या फडक्याखाली, मूठभर कापूस अप्पांना दिसला. दिव्याच्या वाती वळायला नेत असावी, तेवढाच होता. रीतीप्रमाणे अप्पा बोलले नाहीत. मंगळवारी तेवढाच, बुधवारी थोडा जास्त. गुरुवारी धरली. साहेबांपुढं अप्पांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की सोमवारपासून माझी नजर होती. चार दिवसांची चोरी म्हणून बाईला कामावरून काढलं. फाटकातून जाताना ती थांबली. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "सोमवारीच बोलला असता अप्पा, तर म्या ठिवून दिला असता की."

या वाक्याला सव्वीस वर्षं झाली होती. अप्पांनी आजवर ते चोराचं बोलणं म्हणून बाजूला ठेवलं होतं.

ते उठले, कपाटाचा दोरा काढला आणि आतून डायरी घेतली. भुजंगरावांच्या नोंदी पहिल्यापासून वाचल्या. आजवर प्रत्येक ओळ वाचताना त्यांनी एकच विचारलं होतं, यात लबाडी कुठं आहे? आज पहिल्यांदा वेगळं विचारलं. लबाडी नसेल तर काय आहे? शेवटी एकतीस वर्षं फाटकावर काढलेला माणूस. एकच खूण दहा डब्यांत दिसली तर ती त्याच्या नजरेतून सुटत नाही. उंट कोपऱ्यातून. हत्ती कडेचे. केळ्यांचा गाडा डाव्या बाजूला. दाराचा खांब. पटाच्या मध्यावरचं एकही प्यादं भुजंगरावांनी कधी सोडलं नव्हतं. जे हुकलं ते सगळं काठावरचं.

चार वाजता लुना आली. अप्पा दारात उभे होते. लुना उभी करताना भुजंगरावांनी मान पूर्ण वळवून डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, जसं कुणी भिंतीच्या भोकातून बघावं.

पडवीत बसल्यावर अप्पांनी सोंगट्या मांडल्या नाहीत. एक पांढरं प्यादं हातात घेतलं आणि भुजंगरावांना म्हणाले, समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघा, मान हलवू नका, प्यादं दिसलं की सांगा. भुजंगराव हसले, हे काय पोरखेळ म्हणाले, पण बघत राहिले. अप्पांनी प्यादं त्यांच्या कानापासून हळूहळू पुढं आणलं. कानाजवळ काही नाही. गालाजवळ नाही. डोळ्याच्या कोपऱ्याशी आलं तरी नाही. जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा भुजंगराव म्हणाले, हां, हे काय.

दुसऱ्या बाजूनंही तेच झालं.

भुजंगराव आता हसत नव्हते. अप्पांनी प्यादं पटावर ठेवलं.

"भुजंगराव, तुमाला कडंचं दिसत न्हाई," ते म्हणाले. "कोपऱ्यातला उंट शह देऊन राहिला तरी तुमाला दिसत न्हाई. ह्ये आजचं न्हाई, मृगापासून चाललंय."

भुजंगरावांनी आधी कानावर हात ठेवले. मग चिडले. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणाले. बाहेर कुठं बोललात तर पुन्हा पडवीत पाय ठेवणार नाही म्हणाले. मग एकदम थकल्यासारखे झाले आणि खरं ते सांगितलं. त्यांना स्वतःला वर्षभरापासून कळत होतं. बालाजीला समजलं असतं तर त्यानं लुना विकली असती, शेत बटईनं दिलं असतं आणि त्यांना पुण्याला नेऊन तिसऱ्या मजल्यावर बसवलं असतं. तिथं पट नाही, पडवी नाही, बोलायला माणूस नाही. म्हणून ते कुणाला काही बोलले नव्हते.

मग त्यांनी अप्पांकडं अगदी समोर तोंड करून पाहिलं.

"मृगापासून म्हाईत हुतं तुला?"

बारा वर्षांत भुजंगरावांनी त्यांना तू कधी म्हटलं नव्हतं.

"डोळ्याचं म्हाईत नव्हतं," अप्पा म्हणाले. "म्या समजलो, तुमी लबाडी करून राहिले."

"मंग तवाच कामून न्हाई बोललास? भांडला असता तरी चाललं असतं."

अप्पांजवळ याचं उत्तर होतं, पण ते फाटकावरचं होतं आणि इथं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी डायरी काढून पटावर ठेवली. भुजंगरावांनी ती हातात घेतली, डोळ्यांसमोर मधोमध धरली आणि ओळ ओळ वाचली. शिंदीच्या ओळीशी आले तेव्हा त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा हे अप्पांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं नांदेडला गेले. अप्पांनी आदल्या संध्याकाळी बालाजीला फोन लावून दिला, पण बोलले भुजंगराव स्वतः. तेवढी त्यांनी अट घातली होती.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बरीच यंत्रं लावली. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेनं आत आत सरकत येते आणि माणसाला वाटतं चष्मा बदलायला हवा. गेलं ते परत येत नाही. राहिलं आहे ते थेंब रोज वेळेवर घातले तर बहुधा टिकेल. त्रास केव्हा सुरू झाला असं त्यांनी विचारलं तेव्हा भुजंगराव अंदाजानं काही सांगू लागले. अप्पांनी निमूटपणे डायरी पुढं केली.

बाईंनी ती पानं लक्ष देऊन वाचली. इतक्या तारखा घालून पेशंटचं दुखणं लिहून आणणारे नातेवाईक फार थोडे, असं त्या म्हणाल्या. भुजंगराव म्हणाले, हे नातेवाईक न्हाईत, चेकर हायत. बाईंना ते कळलं नाही. जाता जाता त्यांनी पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, या तारखेला आला असतात तर डावीकडचं थोडं जास्त वाचलं असतं.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी बसले नाहीत. ती जागा त्यांनी भुजंगरावांना दिली. नायगावला चहासाठी गाडी थांबली. भुजंगरावांनी लुनाची किल्ली खिशातून काढून अप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, तुमच्या कपाटात ठेवा, दोऱ्यामागं. "तू" गेलं होतं, "तुमी" परत आलं होतं. अप्पांच्या ते लक्षात आलं. दोऱ्याचं यांना कुणी सांगितलं, हेही त्यांच्या डोक्यात येऊन गेलं.

बालाजी पुण्याहून येऊन गेला. वाद झाला, रुसवाफुगवा झाला, शेवटी दिवाळीपर्यंत बघू असं ठरलं. त्यात अप्पांनी आपल्या अंगावर एक काम घेतलं. सकाळ-संध्याकाळ थेंब घातले की नाही हे बघायचं. सकाळचे थेंब फोनवर विचारून आणि संध्याकाळचे पडवीत डोळ्यांदेखत. आता लुना बंद असल्यामुळं मल्लेश भुजंगरावांना आपल्या गाडीवर आणतो आणि सोडतो.

एक ऑक्टोबरला स्पर्धा झाली. शेवटचा डाव पुन्हा या दोघांचाच होता. सभागृहात तीसचाळीस म्हातारी माणसं, आणि सुट्टी नसताना लातूरहून आलेली मंजुश्री. तिनं वर्गापुढं चेकची गोष्ट सांगितली होती आणि सरांनी तिला विचारलं होतं की न बोललेला शह फुकट, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे. ती म्हणाली होती, आमच्या पडवीत.

डाव मध्यावर आला. भुजंगरावांनी वजीर बाजूला घेतला आणि डाव्या कोपऱ्यातला उंट मोकळा झाला. तिरकी वाट सरळ अप्पांच्या राजावर येत होती. भुजंगराव बडीशेप चघळत पटाकडं बघत बसले.

अप्पांनी थोडी वाट बघितली. मग मोठ्यानं, मागच्या रांगेतल्या बहिऱ्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "शह. मला शह हाय. तुमच्या डावीकडच्या उंटाचा."

पंच गोंधळला. स्वतःच्या राजाचा शह स्वतःच सांगणारा खेळाडू त्यानं पाहिला नव्हता. लोक हसले. भुजंगरावांनी मान पूर्ण वळवून कोपऱ्यातल्या उंटाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हाईत हाय मला. बोलणारच हुतो."

ते खरं होतं की नाही हे अप्पांना अजून समजलेलं नाही. डाव भुजंगरावांनी जिंकला, स्टीलचा डबा पाचव्यांदा त्यांच्या घरी गेला. अप्पा अधूनमधून तो डाव मनात पुन्हा मांडून बघतात आणि त्यांचा संशय वाढत जातो. पण आता ते डायरीत लिहीत नाहीत. चार वाजता भुजंगराव पडवीत आले की थेंबांची बाटली पुढं सरकवताना तोंडावरच विचारतात, त्या दिवशी खरंच दिसला होता का? भुजंगराव डोळे मिटून थेंब आत मुरू देतात आणि रोज वेगळं उत्तर देतात.